निळा डबा की पांढरा

लेक: ते सगळं नंतर, डॉक्टर. निळा डबा की पांढरा, तेवढं सांगा. मला एकच नाव हवंय.

डॉक्टर: अगं, आधी घोडी तर बघू दे. काका, तिचा पुढचा पाय जरा उचलून धरता? हं. गुडघा आखडलेला आहेच. पण मागच्या खेपेपेक्षा बराच सैल वाटतोय.

बाबा: आमची ही सरकार आज खुशीत आहे. सकाळी माझी टोपी पळवली.

लेक: टोपीचं राहू द्या, बाबा. डॉक्टर, हिच्या सांध्यांसाठी आधी निळा डबा आणला. त्यात शिंपल्यांची पूड आहे म्हणे. हिनं वास घेतला, नाक मुरडलं, चंदी तेवढी खाल्ली आणि पावडर बादलीच्या तळाशी जशीच्या तशी.

बाबा: चाळणीनं चाळल्यासारखी. लोकांना धान्य इतकं स्वच्छ निवडता येत नाही.

लेक: मग पांढरा आणला. तो खाते. त्यावर सुधारली. आता निळ्याचा दुकानदार म्हणतो, तो आमच्याच डब्याचा गुण, उशिरा दिसतोय.

डॉक्टर: दुकानदार दुसरं काय म्हणणार? निळ्यावर वाच. ‘खास मिश्रण’. खास म्हणजे काय आणि किती, याचा पत्ता नाही. पांढऱ्यावर निदान प्रत्येक गोष्टीचं माप दिलंय. आणि मुख्य म्हणजे ही तो खाते. बादलीत राहिलेली पावडर सांध्यापर्यंत कशी पोचायची?

लेक: म्हणजे पांढरा. ठरलं.

डॉक्टर: थांब. या पावडरींचं असं आहे, एखाद्या घोड्याला मानवतात, एखाद्याला ढिम्म फरक पडत नाही. हिला पांढऱ्यानंच बरं वाटलं, हे कशावरून? मध्ये आणखी काही बदललं का? चारा, नाल, काम?

लेक: काही म्हणजे काही नाही. पावडर सोडून इकडची काडी तिकडे करायची नाही, अशी ताकीदच होती. बाबांना तर दोनदा बजावलं.

बाबा: हो, बजावलं होतं.

डॉक्टर: काका, तुम्ही माझ्याकडे का बघत नाही?

बाबा: खूर बघतोय.

लेक: बाबा.

बाबा: अगं, मी बदललं काहीच नाही. पावडर लागू पडतेय का, एवढंच बघत होतो. उभ्या घोडीचे सांधे कसे कळणार? म्हणून सकाळी आपलं भिंतीच्या कडेकडेनं, फाटकापर्यंत आणि परत.

लेक: रोज?

बाबा: रोजचा फरक बघायचा, तर रोज चालवायला नको?

डॉक्टर: घ्या. घोडं कुठं पेंड खात होतं ते कळलं.

लेक: पण ते बंद झालं होतं ना? एकदोनदा पाहिलं होतं मी. तुमचेच गुडघे सुजलेले, म्हणून तर दोर वरच्या खुंटीवर टांगला.

बाबा: टांगलास खरा. म्हणून तर बादली पालथी घालून चढलो.

लेक: म्हणजे तुम्ही पडलात ते... तुम्ही तर सांगितलंत, ओल्या फरशीवर पाय घसरला.

बाबा: घसरली बादली. मी फक्त तिच्यावर होतो.

लेक: तो दोर मी टांगला होता, बाबा.

बाबा: मग काय झालं? हाड मोडलं का? आणि आता दोर लागतही नाही. मी पुढे चालतो, सरकार मागून येते. मी दम खायला थांबलो की तीही थांबते. उलट तीच आधी थांबते.

डॉक्टर: मग मला एक कळत नाहीये. मधे तुझा फोन आला होता, ‘घोडी पुन्हा लाकूड झालीय’ म्हणून. तो कधीचा?

लेक: ते जाऊ द्या.

डॉक्टर: जाऊ कसं द्यायचं? पावडर ठरवायचीय ना? तेव्हा पावडर चालू होती की नव्हती?

लेक: होती. माझ्या हातानं, मापानं देत होते. चाटूनपुसून खात होती.

डॉक्टर: आणि तरी ताठली?

लेक: बाबा तेव्हा दादाकडे होते. खोली बघायला गेले होते.

(घोडी बाबांच्या खिशात नाक खुपसते. खिसा रिकामा आहे, तरी बाबा तिला हुसकत नाहीत. लेक दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट आहेत की नाहीत ते पुन्हा बघते.)

बाबा: आल्याआल्या विचारलं होतं मी. म्हणालीस, मजेत होती.

लेक: खरं सांगितलं असतं, तर येत्या रविवारी कायमचं दादाकडे जायला तुम्ही तयार झाला नसता.

बाबा: आणि मी जावं, असं तुला वाटतं.

लेक: मला? तुम्हीच म्हणालात, दादाकडे लिफ्ट आहे, ऊन छान येतं, खाली बाग आहे.

बाबा: तू त्याला फोन केलास म्हणून म्हणालो. वाटलं, मी तुझ्या पायात पायात येतोय. मुलांना शिकवतेस तू, चंदी-पाणी तू बघतेस, मी आपला टोपी सांभाळत उभा. म्हातारं माणूस आणि म्हातारं जनावर, एकटीनं किती ओढायचं?

लेक: मी घाबरले होते, बाबा. तुम्ही फरशीवर, आणि ही तुमच्या डोक्याशी उभी. पाऊलसुद्धा हलवत नव्हती. तेव्हापासून मला धड झोप नाही. म्हणून फोन केला. तुम्ही लगेच हो म्हणालात, तर मला वाटलं, इथं कंटाळलात.

बाबा: कंटाळलो? दादाच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. होतो तेवढे दिवस टाकी बघत बसलो.

लेक: मग बोलायचं नाही?

बाबा: तू बोललीस?

डॉक्टर: मी पावडरीचं सांगून टाकू का? मला पुढे एक आजारी खेचर बघायचंय.

लेक: सांगा. खरं तर मला असा डबा हवा होता, डॉक्टर, की बाबा गेल्यावरही हिचं भागेल. मी घोड्यावर बसायला शिकले ती हिच्यावर. ही आखडली तर हिलाही लांबच्या कुरणावर सोडायला लागेल. एका महिन्यात दोघं जाणार, ते मला सोसलं नसतं.

डॉक्टर: तसा डबा कुणी बनवत नाही गं. पांढरा चालू ठेव, त्यानं नुकसान नाही. दोन डबे एकदम देऊ नकोस. वजन वाढू द्यायचं नाही. आणि रोज चालणं, जोर न लावता. ते काकांनीच चालवायला हवं, असं काही माझं शास्त्र म्हणत नाही. तूही चालवू शकतेस.

लेक: चालवून बघितलं. बाबा तिकडे असताना. अर्ध्या वाटेवर उभी राहिली, फाटकाकडे बघत. ओढली, चुचकारली, गाजर दाखवलं. गाजर खाल्लं आणि तिथंच उभी.

बाबा: गाजर खाल्लं ना? मग फार वाईट वाटलं नसेल तिला.

लेक: बाबा, थट्टा नको. मला तुम्ही इथं हवे आहात. घोडीसाठी नाही. ही उद्या धावायला लागली तरी हवे आहात.

बाबा: बरं.

डॉक्टर: बरं म्हणजे ऐका. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि बादलीवर चढणं बंद. पण बसूनही राहू नका, नाहीतर हिच्या रांगेत तुमचीही तपासणी करायला लागेल.

बाबा: मला हाच पांढरा डबा चालेल का?

डॉक्टर: नाही.

लेक: दादाला काय सांगू?

बाबा: सांग, खोली झकास आहे, पाहुणा म्हणून येईन. आणि पडदा लाव म्हणावं, त्या टाकीपुढे.

लेक: ठीक आहे. दोर मी खालच्या खुंटीवर टांगते. तुमच्या हाताशी.

बाबा: सांगितलं ना, सरकारला दोर लागत नाही.

लेक: तिला नाही. तुम्हाला धरायला.