खिरानच्या खाडीतले खुबे

मी सकीना, रायगडची, खाडीकाठच्या गावातली. दार जरा लावून घेते ताई, मग बोलते. तर आमच्या गावाला पुढं खाडी आनि मागं डोंगर, मधी आमी. बा होडीवर जायचा आनि ओहोटी लागली की आय नि आमी पोरी टोपली घेऊन चिखलात, खुबे, तिसऱ्या, कालवं, मिळेल ती शिंपली. आमच्यात सोयरिकीला आलेली मान्सं पोरगी भाकरी कशी थापते ते विचारतात, आनि खुबे काढता येतात का तेबी विचारतात, हसू नका, खरंच विचारतात. मला कोनी शिकवलं नाय. पायाखाली दगड हाय का खुबा, ते पायालाच समजतं.

लग्न झालं, एक पोरगी झाली, मग आमचे होडीवर घसरले नि कंबर गेली. घरात बसलेला मानूस चिडचिड करतो, त्याचा बी दोष नाय. मग मी आले कुवेतला, घरकामाच्या विजावर. पोरगी आता पनवेलला नर्सिंग शिकते, हुशार हाय, माझ्यावर गेली नाय. तिचं शिक्षन पुरं होईपर्यंत मी इथं टिकायला पायजे, बाकी मला काय नको.

आमच्याकडची मान्सं सगळी जलीबला नाय तर अबू हलीफाला, शुक्रवारी एकमेकांकडं जेवतात. मी एकटी इथं लांब दक्षिनेला, खिरानला. हे गाव म्हनजे काय सांगू तुमाला, समुद्राला वाळवंटात बोलावून आनलाय. कालवे खनलेत, त्यात भरतीचं पानी येतं, दोन्ही अंगाला घरं, शाले म्हनतात त्यांना, आनि प्रत्येक घराच्या पायऱ्या थेट पान्यात. गुरुवारी गाड्याच गाड्या, पोरं, गानी, मटन भाजल्याचा वास. शनवारी सांजेला सगळी गेली की राखनदार, मांजरं आनि आमी. बारा महिने दिवा लागतो तो आमच्याच घरात, कारन आमची यम्मा शहरात राहायला तयार नाय. यम्मा म्हनजे घरची म्हातारी, चाकाच्या खुर्चीत असते, तिला बघायलाच मला ठेवलीय. तिची सून ती माझी मालकीन, तिला मामा म्हनायचं, इथली रीतच तशी. आय फोनवर बोलली, अगं बाईमानूस मामा कशी? मी बोलले, पगार देते ती, आजोबा म्हन बोलली तर आजोबा म्हनेन.

गाडी थांबली का बाहेर? बघता जरा? नाय ना. बरं.

तर थंडीतली सकाळ होती. पानी असं उतरलेलं की पायऱ्यांच्या खाली वाळूचा पट्टा उघडा पडलेला. यम्माला उन्हात बसवली, गोधडी घातली आनि पायपुसनं धुवायला मी खाली गेले. पाय वाळूत रुतला आनि खाली लागला की खुबा. झालं! मी खाली बसले, हातानं उकरायला लागले, एक निघाला, दुसरा निघाला, ओढनीत टाकत गेले. कुठं हाय, कोनाच्या घरी हाय, कायपन आठवत नव्हतं, डोक्यात नुसता नारळाचा रस्सा नि तांदळाची भाकरी. इतकी वर्षं इथं हाय, पन तेवढा वेळ मी खुळ्यासारखी खूश होते.

वर बघितलं तर बूट. गस्तीवरचा वर्दीतला मानूस. बताका, बोलला. बताका म्हनजे इथलं ओळखपत्र, ते दाखवल्याबिगर तुमी कोनीच नाय. मग कळलं, इथल्या पान्यातनं परवान्याबिगर काय काढायचं नाय, गुन्हा हाय. मला काय म्हाईत? आमच्याकडं खाडीला कोन परवाना विचारतो? मी रडत रडत खुबे परत पान्यात टाकायला लागले, त्याचा बी त्यानं फोटो काढला. बताक्याचा काढला, ओढनीचा काढला. गाडीत बस, बोलला.

मला वाटलं, झाली आता माझी फिंगर. फिंगर म्हनतात इथं, बोटांचे ठसे घेतात, विमानात बसवतात, मग परत या मुलखात पाय ठेवता येत नाय. पोरगी डोळ्यासमोर आली. अल्लाचं नाव बी आठवेना.

आनि वरनं यम्मा बोलली. जी म्हातारी पानी बी खुनेनं मागायची, ती खनखनीत बोलली, मी पाठवलं तिला. माझ्या घरात माझ्या हुकमाशिवाय कोनी पान्यात उतरत नाय. तो मानूस शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. वर गेला, तिच्या कपाळाला ओठ लावले, इथं थोरामोठ्यांना तसाच मान देतात, आनि मला बोलला, कागद पुढं जानार, चौकीवरनं तुला बोलावनं आलं तर या म्हातारीलाच तिथं येऊन हे सांगायला लागेल. गेला निघून.

खरं सांगते, तिनं मला पाठवलं नव्हतं. माझ्यासाठी खोटं बोलली का तिला तसंच वाटलं, मला आजपन म्हाईत नाय. मामाला सांगितलं तर ती बोलली, बोलावलं तर बघू. तिच्यासाठी बघू, माझा जीव टांगनीला. तवापासनं फोन वाजला की आधी नंबर बघते, मग उचलते. पांढरी गाडी दिसली की मी पडद्यामागं. आनि पोरीला फोनवर सांगते सगळं झकास हाय.

आनि यम्मा दिवसेंदिवस विसरत चाललीय. लेकाला बाप समजते, मला मेलेल्या बहिनीच्या नावानं हाक मारते. पन एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसलीय. रोज सकाळी विचारते, पानी उतरलं का गं? जा, घेऊन ये, मी पाठवते. नाय गेले तर लहान पोरासारखी रडते, खुर्चीवर हात आपटते. एकदा बाजारातनं खुबे आनून दिले, तिनं हातात धरले, बर्फानं गार पडलेले, फेकून दिले. मग आता ओहोटीच्या वेळेला मी तिची खुर्ची भिंतीकडं फिरवते. वाईट वाटतं. पन खाली उतरायची छाती नाय माझी.

बोलावनं अजून आलं नाय. येईल का नाय, कोन सांगनार? आधी नमाजात पयलं पोरीचं नाव घ्यायचे, आता पयलं यम्माचं घेते. तिला बरं वाटू दे असं बी नाय मागत, खोटं कशाला बोलू. एवढंच मागते, मी इथं हाय तवर तिला ठेव, आनि बोलावनं येईल त्या दिवशी तिला मी आठवू दे.