मामा-भाचा

नात : आणि ‘पहिली विद्यार्थिनी’ म्हणून भलत्याच बाईंचा फोटो लावलाय, आजी. आपल्या इंजिनियरिंग कॉलेजला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून अख्खा व्हरांडा सजवलाय, आणि त्यात तू कुठेच नाहीस.

आजी : भलत्या कशाने? त्या शिकून इंजिनियर झाल्या. मी आपली वर्षभर बसले नि उठले.

नात : उठलीस कुठे, उठवलं तुला. पणजी गेली, भावंडं लहान, म्हणून.

आजी : कुणी उठवलं नाही गं. घरात दुसरं करणारं कोण होतं?

नात : उद्या समारंभाला चल. प्राचार्यांना मी सांगते, खरी पहिली ही.

आजी : पुरावा काय देशील, माझे गुडघे? पदवी नाही, फोटो नाही. कुणी ‘तुम्ही कोण’ विचारलं तर काय सांगू? नकोच ते. हात बघू तुझा. फोड आले?

नात : कानस मारून मारून. माझे मामा-भाचा जुळतच नाहीत.

आजी : काय जुळत नाहीत?

नात : अगं, लोखंडाचे दोन तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला दात. दात खाचेत चपखल बसवायचा. बाकी कॉलेजांत मेल-फिमेल म्हणतात, आमच्याच वर्कशॉपमध्ये मामा-भाचा. का, ते सरांनाही माहीत नाही. त्यांच्या सरांपासून चालत आलंय म्हणे. हसतेस काय?

आजी : आमचे मास्तर नर-मादी म्हणायचे. पहिल्या दिवशी मी समोर उभी. ‘हा नर’ म्हणाले आणि पुढे बोबडीच वळली. कानाच्या पाळ्या लाल. मग म्हणाले, ‘हा मामा, हा भाचा. भाचा मामाच्या मांडीवर बसला की हलता कामा नये.’ पोरं महिनाभर खिदळत होती.

नात : म्हणजे तुझ्यामुळे?

आजी : मला वाटलं, मी गेल्यावर पुन्हा नर-मादी झालं असेल.

नात : नाही झालं. आजी, रडू नकोस हं.

आजी : रडतंय कोण? भाच्याच्या कडा अजून घास. उजेडासमोर धरून बघ. फट दिसली तर बसला नाही समज.

नात : आणि उद्याचं?

आजी : फोटो त्या बाईंचाच राहू दे. मला वर्कशॉप दाखव.

नात : आणि कुणी विचारलं, या कोण?

आजी : सांग, मामाकडे भाची आलीय.