निरोपाचा कायदा

(काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, प्रमुखाची कचेरी; लायलसोबत त्याची जुनी सहायक व्हर्ना आणि रस्ते खात्याचा गिब.)

व्हर्ना : घरापासून कचेरी सहा मिनिटांवर, पगार जवळजवळ दुप्पट, आणि अठ्ठ्याण्णव आमदारांच्या नाकदुऱ्या काढणं कायमचं बंद. आमदारकी सोडून काउंटीचा प्रमुख व्हायचं ठरवलंस तेव्हा एवढाच हिशेब केला होतास, लायल. पूल त्यात नव्हता.

लायल : तो पूल आला कुठून तेच मला समजत नाहीये. टॅनर ओढ्यावरचा पूल आज चारच्या आत बंद करायचा, का तर म्हणे कायदा. कुणाचा कायदा?

व्हर्ना : तुझा.

लायल : माझं विधेयक होतं ते. कायदा नव्हे. अकरा वर्षं मांडलं मी. दरवर्षी आमच्या सभागृहात पास व्हायचं आणि वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, जाऊन झोपायचं. तिथे ते मरणार हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर सगळे हसत हसत मत द्यायचे.

व्हर्ना : मिसेस टोमशेकना ठाऊक होतं?

लायल : त्यांना कशाला सांगायचं? दुसरा एक जुना पूल कोसळून नवरा दुधाच्या गाडीसकट खाली गेला, बाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यासाठी काहीतरी चाललंय एवढं दिसायला नको? मी दरवर्षी पत्र पाठवायचो, त्या घरी भाजलेला रूबार्ब-पाय, तो केकसारखा आंबटगोड पदार्थ, पाठवायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

गिब : आता बिघडलंय. माझ्या रस्ते खात्याच्या तपासणीत पुलाला शंभरात अडतीस मिळाले. चाळिसाच्या खाली गेला की त्याच दिवशी प्रमुखाच्या सहीनं बंद, आणि नवा बांधेपर्यंत उघडायचा नाही. इतर राज्यांत निदान हलक्या गाड्या सोडता येतात. इथे तेही नाही.

लायल : का नाही?

गिब : तुम्हीच लिहिलंत ना, साहेब.

लायल : भाषणात बरं वाटावं म्हणून लिहिलं. असली कलमं पुढे कुणीतरी काढून टाकतं. नेहमी काढतात. सिनेटनं पास केलंच कसं?

व्हर्ना : तुला निरोप म्हणून. बावीस वर्षांनी निघालास, तेव्हा त्यांना वाटलं, घड्याळबिड्याळ देण्यापेक्षा लायलला त्याचं लाडकं विधेयकच देऊ. एकमतानं दिलं. टाळ्या तूही वाजवल्यास.

लायल : मला वाटलं, अभिनंदनाचा ठराव वाचतायत. मी फोटोसाठी टाय नीट करत होतो.

गिब : साहेब, सव्वातीन झाले.

लायल : काउंटीच्या मंडळापुढे ठेवू. चर्चा होऊ दे, मतं पडू देत.

गिब : मतं कशावर? सही तुमच्या एकट्याची आहे.

लायल : पलीकडे राहतं कोण?

व्हर्ना : एकोणीस घरं. त्यांतलं एक मिसेस टोमशेकचं. सोमवार-बुधवार-शुक्रवार त्या डायलिसिसला इकडे येतात. पुलावरून वीस मिनिटं.

लायल : आणि वळसा घालून?

गिब : सव्वा तास. बर्फ नसेल तर.

लायल : लाव त्यांना फोन.

(व्हर्ना फोन लावून स्पीकर चालू करते.)

मिसेस टोमशेक : बोला लायल. ऐकलं मी पुलाचं.

लायल : हे बघा, मी दुसरी तपासणी मागवू शकतो. त्यात दोन-तीन महिने सहज जातील. तोवर पूल चालू राहील. तुमच्यासाठी म्हणून.

मिसेस टोमशेक : फ्रँक गेला तेव्हा त्या पुलाचा कागद असाच कुणाच्या तरी टेबलावर होता. दुसऱ्या तपासणीसाठी थांबलेला.

लायल : पण तुमची प्रकृती...

मिसेस टोमशेक : गुरं होती तेव्हा पहाटे साडेतीनला उठत होते मी. मोडलेली नाही सवय. तुम्ही सही करा. आणि लायल, गावात लोक म्हणायचे, हा माणूस तुला नुसता खेळवतोय. भांडले मी सगळ्यांशी. चर्चमध्येसुद्धा.

लायल : मिसेस टोमशेक...

मिसेस टोमशेक : ठेवते. ओव्हनमध्ये काहीतरी आहे.

गिब : साहेब, माणसं अडथळे घेऊन ओढ्यावर थांबलीत.

लायल : हं. घे, केली. कुठे लावायचे ते लावा. नवा पूल कधी होईल?

गिब : पैसे मिळाले तर तीन वर्षं.

लायल : पैशांचं कायद्यात काय लिहिलंय?

गिब : काही नाही.

लायल : व्हर्ना, मला खरंच समजत नाहीये. सिनेटनं चांगुलपणा केला. मी बाईच्या भल्याचं मांडलं. गिबनं त्याचं काम केलं. मग हे पडलं कुणावर? तू काय आकडेमोड करतेयस?

व्हर्ना : आठवड्याला साडेपाच तास. जास्तीचे.

लायल : कुणाचे?

व्हर्ना : मिसेस टोमशेकचे. बर्फ धरलेला नाही.