झडपेवर लेबल नव्हतं

(रुग्णालयाची खोली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेला नवरा पलंगावर. शेजारी स्टुलावर बायको, हातात भिंग आणि पुडा.)

नवरा : अगं, बिस्किटच आहे ते. किती वाचशील?

बायको : थांबा. ई चारशे एकाहत्तर लिहिलंय. तेलापासूनचं की चरबीपासूनचं, तेवढं लिहीत नाहीत मेले.

नवरा : दुकानदार उगाच तुला भिंगवाली म्हणत नाही. लाल रंगात किडे, साखरेला हाडांचा कोळसा. माझी कॅप्सूलसुद्धा परत करून आली होतीस.

बायको : कवच जिलेटिनचं होतं. कातडी आणि हाडं उकळून करतात.

नवरा : बरं. आणि माझ्या छातीत नवी झडप बसवलीय, ती कशाची?

बायको : यात पहिलं गव्हाचं पीठ आहे, मग...

नवरा : भिंग खाली ठेव. माझ्याकडे बघ.

बायको : नाही बघवत.

नवरा : सिस्टर सांगत होत्या, कालपासून तू काही खाल्लं नाहीस.

बायको : घशाखाली उतरत नाही. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. तुमच्या पोटात अल्सर. रक्त वाहायला लागलं तर थांबायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, तिसरं काहीतरी असेलच, प्लास्टिकचं, रबराचं. डॉक्टरांचे पाय धरले हो मी. ते म्हणाले, बाई, पेशंट शुद्धीत नाही, वेळ नाही, हो की नाही तेवढं सांगा.

नवरा : मग?

बायको : हो म्हटलं. वासराची आहे. त्याच्या हृदयावरच्या पडद्याची.

नवरा : ज्याच्या वाटचं दूध नको म्हणून तू इतकी वर्षं कोरा चहा पितेस...

बायको : त्याचीच. त्या आईचं दूध सोडलं आणि लेकरूच घेतलं. आणि उद्या पुन्हा विचारलं ना, तर पुन्हा हो म्हणेन. तेच गिळवत नाही मला.

नवरा : इकडे ये. कान लाव इथे.

बायको : नको.

नवरा : लाव गं. येतंय ऐकू?

बायको : येतंय.

नवरा : मग रडून घे. त्या वासरासाठी कुणी रडलं नसेल.

बायको : तुम्ही बोलू नका आता. दमेल ते.