सदतीस पोती

मॅडम: म्हणजे सगळे पास. मग तोंड असं पाडून का बसलात, सर? आपल्या विभागात दुसऱ्या कुठल्याच विषयाचा एवढा निकाल लागलेला नाही.

सर: सगळे नाहीत. एक मुलगी शून्यावर आहे.

मॅडम: एक तर एक. मी विभागप्रमुख झाल्यापासून तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या पेपरात दर वर्षी अर्धा वर्ग गारद होतो. कॉमर्सची मुलं ती, त्यांच्या डोक्यात शिरून शिरून किती शिरणार, असं मीच वरच्यांना समजावत आले. आणि आज बघा. तुमच्या कष्टांचं चीज झालं म्हणायचं.

सर: मॅडम, जरा इकडे या. हा स्क्रीन बघा. प्रश्न सोपा होता. गोदामात पाच प्रकारचा माल. कशाची किती पोती शिल्लक आहेत आणि कमीत कमी किती असायला हवीत, याची यादी एका फाइलीत दिली होती. जिथे कमी पडतात तिथे मागवायची. एकूण किती मागवायची, ते काढणारा प्रोग्रॅम लिहा. बस.

मॅडम: बरं.

सर: हे पहिल्या मुलाचं उत्तर. वाचा.

मॅडम: प्रिंट, सदतीस. पुढे?

सर: पुढे काही नाही. एवढाच प्रोग्रॅम आहे.

मॅडम: पण उत्तर सदतीसच आहे ना? मग बरोबर आहे की.

सर: उत्तर बरोबरच आहे. ते मीच प्रश्नाखाली छापलं होतं, मुलांना पडताळून बघता यावं म्हणून. मुलांनी ते तिथून उचललं आणि इथे टाकलं. तपासणारं सॉफ्टवेअर फक्त बाहेर काय आलं तेवढं बघतं. सदतीस आलं, पूर्ण मार्क. हा दुसरा, यानेही तेच. तिसऱ्याने आधी सदतीस एका नावाखाली ठेवले आणि मग ते नाव छापलं, म्हणजे जरा तरी कष्ट घेतले. आणि हा महाशय बघा. चाळीस वजा तीन.

मॅडम: हसू नये, पण हसू येतंय. चाळीस वजा तीन कशाला?

सर: कॉपी वाटू नये म्हणून.

मॅडम: काय चुकलं हो त्यांचं? धंदा शिकायला आलीत पोरं. गिऱ्हाइकाने सदतीस मागितले, त्यांनी सदतीस दिले. व्यवहार मिटला.

सर: पहिल्या दोन-चारांना मीही हसलो. मग हसू येईना. वर्षभर घसा कोरडा केला मी, मॅडम. लूप, म्हणजे त्याच सूचना पुन्हापुन्हा कशा फिरतात, हे कळावं म्हणून वर्गात स्वतः गोल फिरून दाखवलं, या वयात.

मॅडम: मग आता काय करायचं म्हणता? निकाल आज वर जायचाय. संगणकांची खोली उद्यापासून प्रवेशाच्या कामाला दिलीये. फेरपरीक्षा म्हणाल तर जागा नाही, हे आधीच सांगते.

सर: मी काहीच म्हणत नाहीये. म्हणायचंही त्राण नाही. सही कुठे करायची ते सांगा, आणि पुढच्या वर्षी हा विषय दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात बांधा.

मॅडम: दर वर्षी असंच म्हणता.

सर: दर वर्षी मनापासून म्हणतो.

मॅडम: आणि ती शून्यवाली?

सर: तिला बोलावलंय. गोदामं चालवणाऱ्या एका कंपनीने तिला इंटर्नशिपसाठी निवडलंय, पण एकाही विषयात नापास झालेलं त्यांना चालत नाही. सकाळपासून दारात उभी आहे बिचारी. ये गं, आत ये.

मुलगी: येऊ का, सर? नमस्कार, मॅडम.

मॅडम: ये, बस. अगं, अख्खा वर्ग पास होतो आणि तूच कशी मागे राहिलीस? अभ्यास झाला नव्हता?

मुलगी: झाला होता, मॅडम.

मॅडम: मग घोडं अडलं कुठे?

मुलगी: तेच कळत नाहीये. माझा प्रोग्रॅम चालत होता. उठायच्या आधी पुन्हापुन्हा चालवून बघितला मी.

सर: चालतो. आत्ता उघडलाय मी. पण एका आकड्याच्या जागी पाच आकडे बाहेर पडतायत. आठ, आठ, वीस, एकतीस, सदतीस. एकूण छापायची ओळ तुझ्या लूपच्या आत आहे, म्हणून प्रत्येक मालाची पाळी आली की ती छापली जाते. लूप संपल्यावर हवी होती. सॉफ्टवेअर एकच आकडा शोधत होतं, त्याने शून्य टेकवलं. ही चूक करू नका म्हणून मी वर्गात किती वेळा सांगितलं?

मुलगी: पुष्कळ वेळा, सर.

सर: तरी केलीस.

मुलगी: चुकून नाही झालं, सर. म्हणजे, चूक असेल ती. पण ओळ मी मुद्दाम आत ठेवली.

सर: मुद्दाम?

मुलगी: हो. आधी बाहेरच होती. मग मनात आलं, गोदामवाल्याला नुसतं सदतीस सांगितलं तर तो विचारणार ना, कुठून आले सदतीस? कुठला माल किती कमी पडलाय? आठाचे वीस कशाने झाले, ते त्याला दिसायला नको? नाहीतर तो आपल्या सांगण्यावर माल कशाला मागवेल?

मॅडम: हे तर मी माझ्या तासाला सांगते.

मुलगी: हो मॅडम, तुमच्याच तासाला ऐकलं होतं. आणि प्रश्नात 'फक्त एकूण आकडा छापा' असं नव्हतं लिहिलेलं. मी नीट बघितलं होतं.

सर: नव्हतं लिहिलेलं. खरं आहे.

मॅडम: बाकीच्यांनी काय केलं ते तुला ठाऊक होतं? घाबरू नकोस, मी कोणाचं नाव विचारत नाहीये.

मुलगी: ठाऊक होतं. मागच्या चाचणीलाच कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की नुसतं उत्तर छापलं तरी मार्क मिळतात. परवा माझ्या शेजारची म्हणाली पण, येडी आहेस का, सदतीस लिही आणि ऊठ.

सर: मग का नाही लिहिलंस? तुझी तर इंटर्नशिप अडकली होती.

मुलगी: रागावणार नाही ना, सर?

सर: रागवायला अंगात जोर लागतो. बोल.

मुलगी: मला वाटलं, तुम्ही वाचाल.

सर: मी?

मुलगी: मशीन तपासतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण नंतर कधीतरी तुम्ही नजर टाकाल, असं वाटलं मला. माझं नुसतं सदतीस तुम्ही वाचलं असतं, तर उद्या तुमच्या समोर कोणत्या तोंडाने आले असते मी?

मॅडम: सर, हिला पास होण्यापुरते मार्क देऊन टाका, ग्रेस म्हणून. मी सही करते. पोरीचं काम होईल आणि विषय संपेल.

सर: ग्रेस? त्या चाळीस वजा तीनला पैकीच्या पैकी, आणि अख्ख्या वर्गात जिने खरोखर प्रोग्रॅम लिहिला तिला दयेवर पास करायचं? नाही, मॅडम. एवढं मला नका सांगू.

मॅडम: मग काय, सगळा वर्ग नापास करणार? वरच्यांना काय उत्तर देऊ मी? आणि आईबाप जाब विचारायला येतील ते माझ्या दारात, तुमच्या नाही.

सर: कोणालाच नापास करत नाहीये. हिचा पेपर मी स्वतः वाचलाय, हिचे मार्क माझ्या सहीने आजच लावतो. बाकीच्यांसाठी मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. एकेकाला इथे बसवतो, माझ्याच संगणकावर. गोदामातल्या पोत्यांचे आकडे बदलायचे आणि आपलाच प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा. एवढंच.

मॅडम: अख्खा वर्ग? एकटे? आत्ता तर सांगत होता, काही म्हणायचंही त्राण नाही.

सर: नाहीच आहे.

मॅडम: उद्या संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ. त्यापुढे मी एक शब्द ऐकून घेणार नाही. आणि पाठ धरली की माझ्या नावाने बोटं मोडू नका. चहा पाठवते वर.

सर: साखर कमी सांगा.

मुलगी: सर, मग माझं?

सर: पास झालीस तू. चांगली पास झालीस. जा, कंपनीला कळव.

मुलगी: सर, सगळे आता माझ्यावर डूख धरतील.

सर: माझ्यावर ढकल सगळं. म्हणावं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. बाहेर आहे का कोणी?

मुलगी: बरेच जण आहेत. अंतिम निकाल लागायचाय ना.

सर: एकेकाला आत पाठव.

(मुलगी जाते. थोड्या वेळाने एक मुलगा आत येतो.)

मुलगा: बोलावलंत, सर? मला तर पूर्ण मार्क दाखवतंय मोबाइलवर.

सर: दाखवतंय ना. बस. हा तुझा प्रोग्रॅम, आणि ही मालाची फाइल. समज, आज गोदामात नवीन गाडी लागली. शिल्लक पोत्यांचे आकडे वाढव आणि चालव.

मुलगा: वाढवले. सदतीस.

सर: आता गोदाम रिकामं कर. सगळीकडे शून्य टाक.

मुलगा: सदतीस. सर, त्याचं काय झालं, मी सांगतो तुम्हाला.

सर: नको सांगूस, मला माहीत आहे. आता गोदाम पार छतापर्यंत भर.

मुलगा: राहू दे ना, सर. काहीही केलं तरी सदतीसच येणार.

सर: हं.

मुलगा: म्हणजे नापास का मी?

सर: ते नंतर. तुला लूप येतो? खरं सांग.

मुलगा: नाही, सर. पहिल्या आठवड्यातच हातातून सुटलं. तेव्हा विचारलं नाही, आणि मग विचारायला तोंड राहिलं नाही. सगळे मान हलवत होते, मीही हलवली.

सर: खुर्ची जरा जवळ ओढ.