दिपोटी येईपर्यंत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बदलीचं पत्र आलं तेव्हा मी धसईत ओट्यावर दाढी करत होतो. मुरबाड किंवा शहापूर, तलाठ्याने हवं ते निवडावं, असं त्यात होतं. बायको म्हणाली, "अहो, घर कसलंही चालेल. कुसुमला सातवीपर्यंत शाळा हवी." दोन्हीकडच्या शाळा पाहून मी शहापूर ठरवलं.

शाळेत दाखला मागितला, तर मास्तरांनी हात जोडले. "तात्या, दिपोटीसाहेब शाळा तपासून जाऊ द्या. पटावर पोरी कमी दिसल्या तर आमची शाळा नाय राहायची."

"किती दिवस?"

"पंधरवडा. शहापूर काय पळून जातंय?"

मी हसलो आणि थांबलो. बायको म्हणाली, "त्यांच्या शाळेसाठी आपली पोर अडकवा!"

दहाव्या दिवशी कुसुमला ताप भरला. शहापूरला दवाखाना होता, धसईत नुसता अंगारा. चार दिवसांत ती गेली.

पुढच्या आठवड्यात दिपोटी आले. गावचा तलाठी म्हणून मीही शाळेत हजर होतो. मास्तरांनी पट वाचताना कुसुमचं नाव घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "आजारी आहे, साहेब."

तिचं नाव कमी करा, एवढंच मला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही.