उतरून चालायची वाट

सबंध तालुक्यात माझ्याइतकं चालणारा म्हातारा न्हाई, मॅडम — म्हंजे तसं निंबापासून आडापर्यंतच चालतो म्हणा, आन् मधी एकदा ह्या दगडावर बसतोबी, पण रोज चालतो. तुझ्या सायकलवाल्या मंडळींसारखं आयतवारचा आयतवार न्हाई. पाय असे वाटेत पसरले म्हणून रागावू नको, गुडघा वाकत न्हाई. आन् मॅडम म्हणतो, अगंतुगंबी करतो, त्याचाबी राग नको. उर्वी मॅडम न्हवं तू — लातुरात क्लासला जीवशास्त्र शिकवतीस, आमच्या गावच्या शिवप्पानं सांगितलं. तर मग जीवशास्त्रवाल्या बाई, सांग बरं — तू उतरलीस कामून? साखळी पडली? न्हाई. हवा गेली? तीबी टणक हाय, मी दाबून बघितली. मग? लातुरातून आलेलं एकबी माणूस इथं आपणहून उतरत न्हाई. त्यांला उतरवावं लागतं. ते काम माझ्याकडं असतंय.

तुमच्या सायकलींला घंटी न्हाई, हे पयलं. टायर म्हशीच्या मानेएवढे, डोक्यावर टोपरं, आन् घंटी न्हाई. गुमान मागून येतात, अंगाला वारा लागला की कळतं, गेला एक. एकजण वरडला, "अंकल, लेफ्ट" — मी चौथीत दोनदा बसलेला माणूस, मला कवायतीचा मास्तर आठवला, मी जागच्या जागी लेफ्ट-राइट सुरू केलं. त्यो गेला घाणेरीच्या झुडपात. मग त्यांनी शर्यतीसाठी झाडांला बाण लावले. मी काढले न्हाईत, चोरी कशाला करू — फिरवले. सगळी वरात शिवप्पाच्या उकिरड्यात. त्यात ते फिजिक्सवाले सर होते, ज्यांचा हाताची घडी घातलेला फोटो लातुरात चौकाचौकात हाय — शेणातबी घडी तशीच होती, सोडायला घाबरले असतील. तू हसून राहिलीस, हस. मग मी भूत काढलं. म्हटलं, इथं एक म्हातारी फिरती, पांढरं लुगडं, डोक्यावर घागर, सायकलवर बसून गेलं की मागं कॅरेजवर येऊन बसती. एकजण म्हणला, आमच्या सायकलींला कॅरेजच न्हाई. म्हटलं, मग मांडीवर बसती. शिकलेली माणसं — पण उतरली बरं का. एकमेकांकडं चोरून बघत, सायकल हातात धरून चालली. तुला म्हणून सांगतो, त्यात काही खरं न्हाई. घागर न्हाई, म्हातारी न्हाई, सगळं माझं — इकडं बघ की माझ्याकडं. माझ्या मागं काय बघून राहिलीस? बाभळी हायत त्या.

उतरायचं कामून म्हणतीस? आगं, ही वाट न्हाई, ही गल्ली हाय. ह्या बाभळीच्या खाली आमचं गाव हाय. भूकंपानंतर सरकारनं तिकडं माळावर नवं बांधून दिलं, रांगेनं घरं, गल्ल्या इतक्या रुंद की शेजाऱ्याचं भांडणबी ऐकू येत न्हाई, काय करमणार माणसाला. हे जुनं पडलं ते पडलं. तू उभी हाईस तिथं पाटलाचा वट्टा होता. म्हातारी माणसं बसायची. पुढून जाताना गडी सायकलवरून उतरायचा, बाई चपला काढून हातात घ्यायची, आन् बोळाचा कोपरा आला की खाकरायचं, म्हंजे समोरचा बाजूला हुईल. कुणी पाटी लावली न्हवती, अदब होती ती. मी लई वांड. वट्ट्यावर कुणी नसलं की भिंतीआड बसून म्हाताऱ्यासारखा खाकरायचो. आमची सिंधु — बायको माझी — पाण्याहून यायची, की लगेच वाकून चपला हातात. तापलेल्या फुफाट्यात अनवाणी. मग मी दात काढत बाहेर. भाकरी थापताना बोलायची न्हाई माझ्याशी. पण दुसऱ्या दिशी खाकरलो की परत चपला हातात. म्हटलं, आगं, मीच हाय हे कळतंय न्हवं तुला? तर म्हणायची, हाव, कळतंय — पण एखाद दिशी खरंच कुणी बसलेलं असलं तर?

तशीच होती ती. अरुंद जागा आली की आपणच बाजूला व्हायची. बांधावर, बोळात, दारात. आमचं दार बारकं, वाकून एकच माणूस निघायचं. त्या पहाटे खालून जात्यासारखी घरघर आली, मी उठेस्तवर ती दारात पोचलेली, कडी तिनंच काढली — आन् सरकली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, मी पुढं निघावं म्हणून. रोजचंच हुतं ते. मी निघालो. रोजच्यासारखा निघालो. वर माळवदाचं छत, त्यावर बापजाद्यांनी दरसाल चढवलेली माती — जाऊ दे. हे मी कामून सांगून राहिलो तुला? घंटीचं चाललं होतं आपलं.

तर तुझ्या मंडळींला सांग. पुढल्या आयतवारी शर्यत करा, माझी ना न्हाई. फक्त निंबापासून आडापर्यंत उतरा. तेवढ्यापुरतं घड्याळ बंद ठेवा म्हणावं. न्हाई म्हणतील, ठाऊक हाय मला. बाण आता उंच लावतात, फिरवायला हात पोचत न्हाई, भुताचंबी ते हसून राहिले, मोबाइलवर टाकलं म्हणं त्यांनी. पुढल्या आयतवारी आमच्या दारावरून धडधडत जातील सगळे, आन् मी काय, खाकरत बसू? तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील, कारण तू उतरलीस. तेच तर इचारून राहिलो मघापासून — मी निंबाकडून येत हुतो, तू आडापाशीच उतरलीस, मी हाक मारली न्हाई, भूत सांगितलं न्हाई. सायकल पार काट्यात घातलीस, दंडाला ओरखडा बघ केवढा, आन् मान खाली घालून उभी राहिलीस. एका लंगड्या म्हाताऱ्याला एवढी वाट लागती व्हय? अजून तशीच उभी. शिकवलं कुणी तुला, आईनं? बरं, नको सांगू. नीघ आता, क्लासची पोरं खोळंबली असतील. वाट मोकळी हाय, बस सायकलवर. बस की — काय म्हणालीस?

"आजोबा, मी तुमच्यासाठी नव्हते उतरले. जरा पाय जवळ घ्या. त्या बाई तुमच्या मागं कधीच्या थांबल्यात, चपला हातात घेऊन. आधी त्यांना जाऊ द्या."